खोकल्यातील रक्त : इब्न अल-नफीसपासून सेवाग्रामपर्यंत

क्षयरोगाचा इतिहास सांगताना बहुतेक लेखक जंतूपासून सुरुवात करतात. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला. तो दिवस आज जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. परंतु रोग्याच्या घरच्यांना जंतू कधीच दिसत नाही. त्यांना दिसते ते रुमालावर पडलेले रक्त. आपल्या घरांत जुन्या माणसांच्या तोंडी 'दिक' किंवा 'सिल' हे शब्द ज्या भीतीने येत, ती भीती या रक्ताची होती.

हे रक्त फुप्फुसातील नेमक्या कोणत्या वाहिनीतून येते आणि ती वाहिनी का फुटते, हे कळायला माणसाला सहा शतकांहून अधिक काळ लागला. या शोधाची पहिली पायरी कैरोतील एका अरबी ग्रंथात आहे, दुसरी कोपनहेगनच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर. तिसरी पायरी मात्र आपल्या वर्धा जिल्ह्यासारख्या ठिकाणी, ग्रामीण रुग्णालयांत आणि साध्या घरांत चढायची आहे. हा इतिहास मी मुलांच्या अंगाने सांगणार आहे. मुलांमध्ये क्षयामुळे फुप्फुसातील रक्तवाहिनी फुटणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट आहे. पण ती घडते तेव्हा तिच्या मागे एक अतिशय नेहमीची गोष्ट असते, आणि त्या नेहमीच्या गोष्टीविषयी आपण बोलत नाही.

कैरोचा तबीब

अरबी वैद्यकाला क्षय चांगला ठाऊक होता. अल-राझी यांनी मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. इब्न सीना यांनी 'अल-कानून'मध्ये क्षयाची गणना एकाकडून दुसऱ्याला होणाऱ्या रोगांत केली. परंतु हृदय आणि फुप्फुस यांच्याविषयी सर्वांचाच आधार होता तो ग्रीक वैद्य गॅलेनचा. गॅलेनचे म्हणणे असे की, हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते. हजार वर्षे हे मत कोणी मुळातून तपासले नव्हते.

इब्न अल-नफीस यांनी ते तपासले. १२१३ मध्ये दमास्कसच्या परिसरात जन्मलेला हा विद्वान पुढे कैरोत स्थायिक झाला. तो रुग्णालयात वैद्यक करी आणि मदरशात शाफई फिक्ह शिकवी. १२४२ मध्ये, वयाच्या २९व्या वर्षी, त्याने 'कानून'मधील शरीररचनेच्या भागावर भाष्य लिहिले. त्यात त्याने स्पष्टपणे मांडले की, हृदयाचा मधला पडदा जाड असून त्यात दृश्य वा अदृश्य कोणतीही छिद्रे नाहीत. मग उजवीकडचे रक्त डावीकडे जाते कसे? ते फुप्फुसाच्या धमनीतून फुप्फुसात जाते, तेथे हवेत मिसळते आणि फुप्फुसाच्या शिरेतून डाव्या कप्प्यात परतते. आज याला फुप्फुसीय रक्ताभिसरण म्हणतात. युरोपात हीच गोष्ट सर्व्हेटसने १५५३ मध्ये आणि कोलंबोने १५५९ मध्ये लिहिली. संपूर्ण शरीराचे रक्ताभिसरण हार्वेने १६२८ मध्ये सिद्ध केले.

ही अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे, आणि आपल्या सभा-संमेलनांतून ती सांगितलीही जाते. पण तिचा दुसरा भाग फारसा कोणी सांगत नाही. हे भाष्य पुढे शेकडो वर्षे जवळजवळ विस्मरणात गेले. १९२४ मध्ये मुह्यिद्दीन अल-तत्तावी हा तरुण इजिप्शियन डॉक्टर जर्मनीत फ्रायबुर्ग येथे प्रबंध लिहीत होता. बर्लिनच्या ग्रंथालयातील हस्तलिखित वाचताना हे पान त्याच्या हाती लागले. त्याआधी जवळजवळ सात शतके आपल्याच भाषेत, आपल्याच माणसाने लिहिलेले हे पान आपल्याच वैद्यकाने मागे टाकले होते. शोध लावणे आणि तो शोध रोग्याच्या उशापर्यंत पोहोचवणे ही दोन वेगळी कामे आहेत. या लेखाचा पुढचा सगळा भाग या दुसऱ्या कामाविषयी आहे.

इब्न अल-नफीसच्या निरीक्षणाचा क्षयाशी थेट संबंध आहे. शरीरातील सर्व रक्त जर फुप्फुसातून जात असेल, तर फुप्फुसात पडलेली कोणतीही जखम कुठल्या ना कुठल्या रक्तवाहिनीच्या शेजारीच असणार.

कोपनहेगन, १८६८

फ्रिट्झ वाल्डेमार रासमुसेन हे डेन्मार्कचे वैद्य. क्षयाच्या रोग्याला कधीकधी एकाएकी भळभळून रक्ताची उलटी होई आणि तो काही मिनिटांत दगावे. अशा मृतांची शवविच्छेदने करून रासमुसेन यांनी १८६८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेव्हा कॉख यांचा जंतू सापडायला अजून १४ वर्षे होती.

त्यांना आढळले ते असे. क्षयाने फुप्फुसाचा काही भाग कुजून तेथे पोकळी तयार होते. डॉक्टर तिला 'कॅव्हिटी' म्हणतात. या पोकळीच्या भिंतीत फुप्फुस धमनीची एखादी फांदी सापडते. रोग बाहेरून आत धमनीची भिंत पोखरू लागतो. तिचे मजबूत, लवचिक थर नाहीसे होऊन त्या जागी कच्चे, मऊ मांस येते. आतून रक्ताचा दाब आणि बाहेरून पोकळीचा मोकळेपणा, यामुळे ती कमजोर जागा पोकळीत फुग्यासारखी पुढे येते. सायकलच्या टायरला चीर पडली की आतली ट्यूब तेथून बाहेर डोकावते, तसा हा प्रकार आहे. हा फुगा फुटला की रक्त थेट श्वासनलिकेत येते. आजही वैद्यकात याला 'रासमुसेन अॅन्युरिझम' म्हणतात.

या रोग्याचा जीव बहुधा रक्त कमी झाल्याने जात नाही. श्वासमार्ग रक्ताने भरतो आणि तो गुदमरतो. मुलांची श्वासनलिका अरुंद असते, म्हणून त्यांच्या बाबतीत थोडेसे रक्तही पुरते.

मोठ्यांमध्येही हा प्रकार विरळाच. १९३९ मध्ये अमेरिकेतील ऑअरबाख यांनी क्षयाने मेलेल्या १,१०० हून अधिक रोग्यांची शवविच्छेदने पाहिली, तेव्हा सुमारे ४ टक्के रोग्यांत असा फुगा सापडला. क्षयात खोकल्यातून येणारे बहुतेक रक्त वेगळ्याच वाहिन्यांचे असते. श्वासनलिकांना पोसणाऱ्या 'ब्राँकियल' धमन्या जुन्या दाहामुळे जाड आणि वेड्यावाकड्या होतात. त्यांतील रक्त महाधमनीच्या जोरदार दाबाने वाहत असते. त्या फुटल्या की रक्त येते. कोणत्या वाहिनीचे रक्त आहे, हे ओळखण्यावर पुढचा उपचार अवलंबून असतो.

मुलांमध्ये विरळ का?

लहान मुलाचा क्षय मोठ्यांसारखा नसतो. मुलाच्या फुप्फुसात जंतू शिरला की तेथे एक छोटी गाठ होते आणि फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या लसिका ग्रंथी सुजतात. जंतूंची संख्या थोडी असते आणि पोकळी सहसा पडत नाही. पोकळी नाही, म्हणून रासमुसेनचा फुगाही नाही. वयाची दहा वर्षे ओलांडल्यानंतर, विशेषतः मुलगी वयात येते त्या सुमारास, क्षय मोठ्या माणसासारखे रूप घेऊ लागतो. मग फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळ्या पडू शकतात. मुलांमध्ये फुगा फुटल्याच्या ज्या तुरळक नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येतात, त्यांच्या मागे बहुधा बराच काळ दुर्लक्षित राहिलेला रोग असतो.

लहानग्यांमध्ये रक्तवाहिनीवर होणारा दुसरा आघात जास्त घातक असतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. सुजलेली ग्रंथी किंवा फुप्फुसातील गाठ शेजारच्या शिरेत फुटते. रक्त सांडत नाही, पण जंतू रक्तात उतरतात. इब्न अल-नफीसने दाखवलेल्या वाटेनेच, म्हणजे फुप्फुसाच्या शिरेतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात आणि तेथून सर्व शरीरात, ते पसरतात. यकृत, प्लीहा, मेंदू, सगळीकडे राळ्याच्या दाण्याएवढे ठिपके उठतात. म्हणून या प्रकाराला 'मिलिअरी' म्हणजे भरडधान्याच्या दाण्यांसारखा क्षय म्हणतात. जर्मन शरीरविकृतीशास्त्रज्ञ कार्ल वायगर्ट यांनी १८८०च्या दशकात रक्तवाहिनीच्या भिंतीतील अशा गाठी दाखवून ही वाट सिद्ध केली. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले तर तेथील धमन्यांना सूज येते, त्या बंद पडतात आणि तीन-चार वर्षांच्या मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. बाळाला जन्मतःच बीसीजी टोचतात ते मुख्यतः हे दोन भयंकर प्रकार टाळण्यासाठी. भारतात बीसीजीची सुरुवात १९४८ मध्ये झाली. मोठेपणी होणारा फुप्फुसाचा क्षय ती लस भरवशाने थांबवू शकत नाही, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

मुलांचा क्षय ओळखणेही कठीण असते. लहान मूल बेडका थुंकत नाही, गिळून टाकते. त्यामुळे पूर्वी पहाटे उपाशीपोटी नळी घालून पोटातले पाणी तपासावे लागे. जंतू इतके थोडे असतात की, सूक्ष्मदर्शकात बहुधा काहीच दिसत नाही. मग डॉक्टर क्ष-किरण चित्र, त्वचेवरील चाचणी, वजनाचा आलेख आणि एक प्रश्न यांवर भर देतात. तो प्रश्न असा : घरात कोणाला खोकला आहे?

वर्धा

या प्रश्नाचे महत्त्व वर्धा जिल्ह्याच्या आरोग्य-इतिहासात उठून दिसते. गांधीजी १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी आगाखान पॅलेसच्या कैदेत निधन झाले. त्यानंतर त्यांच्या नावाने सेवाग्रामला स्त्रिया आणि मुलांसाठी १५ खाटांचे रुग्णालय उभे राहिले. त्याची धुरा डॉ. सुशीला नय्यर यांच्याकडे होती. सुशीलाबहेन पुढे अमेरिकेतून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन आल्या आणि फाळणीच्या निर्वासितांसाठी वसवलेल्या फरिदाबादेत त्यांनी क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. १९६२ ते १९६७ या काळात त्या देशाच्या आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. येथे डॉक्टर होणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक दिले जाते. तिने त्या गावातील कुटुंबे ओळखायची, घरोघरी जायचे. पीक हाती आल्यावर गावकऱ्यांनी ज्वारीच्या रूपाने वर्गणी भरायची आणि त्यावर रुग्णालयात उपचार मिळवायचे, अशी आरोग्य विमा योजनाही या भागात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने राबवली गेली.

सेवाग्रामच्याच जमनालाल बजाज संशोधन केंद्रात डॉ. बी. सी. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयाच्या जंतूचे प्रथिन रक्तात शोधण्यावर वर्षानुवर्षे काम केले, ते बेडका न देऊ शकणाऱ्या मुलांचीही अडचण ओळखून. त्या दिशेने जगभर निघालेल्या बाजारू रक्तचाचण्या मात्र भरवशाच्या ठरल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये त्या वापरू नयेत असे सांगितले आणि भारत सरकारने २०१२ मध्ये त्यांवर बंदी घातली. आजही एखादी खासगी प्रयोगशाळा 'रक्तावरून टी.बी.' सांगत असेल, तर वाचकांनी सावध असावे. आज भरवशाची मानली जाते ती जंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट चाचणी. ती सरकारी केंद्रांत मोफत होते.

१९९० मध्ये सावंगी (मेघे) येथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून या एका जिल्ह्यात दोन मोठी अध्यापन रुग्णालये आहेत. रक्त ओकणाऱ्या मुलाला वाचवण्यासाठी छातीचे सीटी स्कॅन, रक्तवाहिन्यांचे चित्रण, कृत्रिम श्वास आणि छातीची शस्त्रक्रिया या सोयी लागतात. अनेक जिल्ह्यांतील रोग्यांना त्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागते.

उपचार बदलले, प्रश्न तोच

१८८७ मध्ये आनंदीबाई जोशी यांना क्षयाने नेले तेव्हा त्यांचे वय २१ वर्षांचे होते. अमेरिकेतून वैद्यकीची पदवी घेऊन आलेल्या त्या डॉक्टरवर उपचार करायला तेव्हा जगात कोठेही औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासाने दाखवले की, रोग्याला आरोग्यधामात न ठेवता घरीच नियमित औषधे दिली तरी तो तितकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांचा धोकाही वाढत नाही. घरच्यांना खरा धोका होतो तो निदान होण्याआधीच्या काळात. १९६२ मध्ये राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम आला, १९९७ मध्ये तो सुधारून देखरेखीखाली औषध देण्याची पद्धत सुरू झाली आणि २०२० मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रम झाले.

फुग्यावरचा उपचारही बदलला. एके काळी फुप्फुसाचा तुकडा कापून काढणे एवढाच मार्ग होता. १९७३च्या सुमारास फ्रान्समध्ये रेमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या धमनीतून बारीक नळी घालून रक्तस्राव करणारी ब्राँकियल धमनी आतूनच बंद करण्याचा मार्ग दाखवला. फुप्फुस धमनीच्या फुग्यापर्यंत मांडीच्या शिरेतून पोहोचतात आणि तेथे धातूची गुंडाळी सोडून तो बंद करतात. हे जमले नाही तर शस्त्रक्रिया. दोन्हींबरोबर क्षयाची औषधे पूर्ण काळ घ्यावीच लागतात. नाहीतर धमनी बुजवली तरी ती पोखरणारा रोग तसाच राहतो.

मुलाच्या खोकल्यात रक्त दिसले म्हणजे फुगाच फुटला, असे नाही. न्यूमोनिया, घशात अडकलेली वस्तू, जन्मजात हृदयविकार, अशी इतर कारणेही असतात. पण वाट पाहण्याची ही वेळ नव्हे. मूल शांत ठेवावे. कोणत्या बाजूला रोग आहे हे आधीपासून माहीत असेल तर त्या कुशीवर निजवावे, म्हणजे दुसरे फुप्फुस मोकळे राहते, आणि तडक मोठ्या रुग्णालयात न्यावे.

आपल्या घरांतील मौन

मुलाला क्षय मुलाकडून क्वचितच होतो. तो बहुधा घरातल्या, खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून होतो. आजोबा, अब्बा, चाचा, घरी येणारी एखादी फुफी. त्या माणसाचा खोकला महिनोन्‌महिने 'सिगारेटचा', 'धुळीचा', 'पिंजणाच्या कापसाचा' म्हणून चालवून घेतला जातो. आणि खोकणारी घरातली सून किंवा लग्नाची मुलगी असेल तर तो लपवला जातो. मंगनी मोडेल, लोक काय म्हणतील, मुलगी परत पाठवतील, या भीतीने औषधाची पाने कपाटात खाली दडवली जातात. अर्धवट घेतलेले औषध बंद होते, रोग उलटतो, आणि त्याच खोलीत झोपणारे मूल दररोज तीच हवा घेत राहते. गिरडच्या दर्ग्यावर आजारी लेकराला घेऊन जाणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्यांनी मन्नत जरूर मागावी. त्याच फेरीत सेवाग्राम किंवा जवळच्या सरकारी दवाखान्याचीही वाट धरावी, एवढेच म्हणणे आहे.

हे मौन फक्त मुसलमानांत आहे असे मुळीच नाही. क्षयाची लाज सर्वच समाजांत आहे. पण दाट वस्तीतल्या छोट्या घरांत, जेथे एका खोलीत सहा-सात माणसे झोपतात, तेथे त्याची किंमत जास्त पडते, आणि आपली पुष्कळ माणसे तशाच घरांत राहतात.

यावर काय करायचे, ते माहीत आहे. घरात कोणाला क्षय निघाला तर त्याच आठवड्यात सगळ्या मुलांची तपासणी करावी. पूर्वी पाच वर्षांखालील मुलांनाच प्रतिबंधक औषध दिले जाई. २०२१ नंतरच्या भारतीय मार्गदर्शक सूचनांनुसार रोग्याच्या घरातील इतर माणसांनाही, प्रत्यक्ष रोग नाही याची खात्री करून, ते दिले जाते. पोषणाचाही मोठा वाटा आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या कुटुंबांना पुरेसे धान्य-डाळ आणि जीवनसत्त्वे दिली, तेव्हा घरच्यांमध्ये नवा क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. निक्षय पोषण योजनेत रोग्याला २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. या पैशांवर हक्क सांगायलाही नाव नोंदवावे लागते, आणि नाव नोंदवायचे तर रोग कबूल करावा लागतो.

इब्न अल-नफीसने आपले घर आणि ग्रंथसंग्रह कैरोच्या रुग्णालयाला देऊन टाकला. ज्ञान रोग्याच्या उपयोगी यावे, ही त्याची इच्छा त्यातून दिसते. फुप्फुसातील धमनीचा फुगा बंद करण्याचे कौशल्य आज आपल्याकडे आहे, आणि ते लागेल तेव्हा लागेलच. परंतु बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ती वेळ येऊच नये, यासाठी शल्यचिकित्सक लागत नाही. घरात कोणाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर त्याला हाताला धरून दवाखान्यात नेणारे कोणीतरी लागते. आणि परत आल्यावर शेजाऱ्याने विचारले, "काय झाले?" तर "टी.बी. आहे, औषध सुरू आहे, बरा होईल," असे उंबऱ्यात उभे राहून सांगण्याइतकी हिंमत लागते.